पांढरा नंबर एक

७ एप्रिल

पट्टी अर्धी निघाली होती तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बोटं किती?"

"तीन," मी म्हटलं. "पण तुमचा कोट निळा कधीपासून?"

"कोट पांढराच आहे. हलू नका."

मी हलले नाही. पट्टी पूर्ण निघाली. कोट निळा होता. गडद नव्हे, धुण्याच्या शेवटच्या पाण्यात नीळ जरा जास्त पडावी तसा. डावा डोळा मिटला, कोट निळा. उजवा मिटला, कोट पांढरा. चार-पाच वेळा करून पाहिलं.

"मिचकावू नका हो, थेंब घालायचेत."

मी नर्सला विचारलं, कोट कुठल्या रंगाचा. तिने स्वतःच्या कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग डॉक्टरीणबाईंकडे. "भूल उतरली नसेल अजून," ती म्हणाली.

मला कोणी पांढरा रंग सांगू नये. एकवीस वर्षं मी कारखान्यात रंग पास करते. कापडाचा लॉट रंगून, वाळून आला की त्याची पट्टी खिडकीपाशी न्यायची, नमुन्याशेजारी धरायची आणि सांगायचं, पास की नापास. आमचा कारखाना मुख्यतः पांढरंच करतो. इस्पितळाचे कोट, चादरी, शाळेचे सदरे. शहरातलं बहुतेक पांढरं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. त्या रंगाचं नाव पांढरा नंबर एक.

तापाची साथ आली आणि कारखाना बंद झाला त्याला अकरा आठवडे झाले. सगळ्यांची नोकरी गेली. माझीही गेली, म्हणून मला डोळा मिळाला. नोकरी होती तेव्हा कारखान्याचा विमा होता. त्यात मोतीबिंदू बसतो, पण अर्जावर साहेबांची सही लागते. रंग पास करणाऱ्या बाईने साहेबांसमोर जाऊन मला दिसत नाही हो म्हणायचं आणि सही मागायची, हे मला सात वर्षं जमलं नाही. बेकार झाल्यावर संकटकाळाचं कार्ड आलं. बेकार माणूस आणि त्याच्या घरचे, सगळे उपचार सरकारी, सही कोणाचीच नको. माझे डोळे आणि ह्यांचा श्वास, दोन्ही त्या एका कार्डावर आहेत.

उजवा काल झाला. डावा अठ्ठावीसला.

"डावा फार पिकलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अठ्ठावीसच्या पुढे नेऊ नका. आत दाब वाढला तर मग मी काही करू शकणार नाही."

मी बरं म्हटलं. कोटाबद्दल पुन्हा बोलले नाही.

८ एप्रिल

घरातलं सगळं पांढरं काढून पलंगावर मांडलं. चादरी निळ्या. अभ्रे निळे. ह्यांचे बनियन निळे. फक्त एक जुना टेबलक्लॉथ पांढरा निघाला. तो पिवळा पडला म्हणून आम्ही फरशी पुसायला काढला होता.

ह्यांना विचारलं, "हा बनियन कुठल्या रंगाचा?"

"पांढरा."

"नीट बघून सांगा."

"अगं, खोक्यावर छापलंय पांढरा."

हे शाळेत भूगोल शिकवायचे. काही विचारलं की आधी छापलेलं दाखवतात. दम्याने नोकरी सोडायला लावली, ती सवय सुटली नाही.

"तुझा नवा डोळा जरा जास्तच हुशार दिसतोय," हे म्हणाले. "दोन दिवस त्याला गप्प बसव. नव्या सुनेसारखं आल्या आल्या घरातल्या चुका काढायला लागलाय."

चूक उजव्याची असेल तर ऑपरेशन बिघडलं. चूक डाव्याची असेल तर, पुढचं लिहीत नाही.

९ एप्रिल

लिहिते.

आमचा नमुना म्हणजे वीतभर कापड. वर्षभर हाताळून ते मळतं. म्हणून दर जानेवारीत शेवटच्या पास झालेल्या लॉटमधून वीतभर कापायचं, तोच पुढच्या वर्षीचा नमुना. आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालतं, आणि त्यात चुकीचं कोणाला काही वाटलेलं नाही.

आता समजा, माझ्या डोळ्यावर साय धरत गेली. सगळं पांढरं मला पिवळट दिसू लागलं. मी म्हणणार, "मास्तर, पिवळा मारतोय, नीळ वाढवा." मी खरंच असं म्हणायचे. रंगमास्तर नीळ वाढवायचे. त्यातून नमुना कापला जायचा. पुढच्या वर्षी साय थोडी जाड, नीळ थोडी जास्त, नमुना नवा. अशी सात वर्षं.

पण मग बाकीच्यांना का दिसलं नाही? शहरात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, लग्नाचे कपडे शिवणारे आहेत. इतके लोक भिडस्त असू शकत नाहीत. म्हणजे उजवाच चुकतोय. रात्रीपेक्षा आता बरं वाटतं.

११ एप्रिल

कारखान्याचं पत्र. चौदापासून रुजू व्हा. आरोग्य खात्याने पांढऱ्या कोटांची मोठी मागणी केली आहे. साथीमुळे बंद झालेला कारखाना साथीमुळे उघडतोय.

पत्र घेऊन विमा कचेरीत गेले. चार नंबरच्या खिडकीवर एक बाई बसतात. त्यांच्यासमोर पंख्याने उडू नये म्हणून प्रत्येक कागदावर एकेक दगड असतो. माझं प्रकरण त्यांनी दगडासकट उचललं.

"रुजू झालात की त्याच दिवशी हे कार्ड बंद," त्या म्हणाल्या. "कारखान्याचा विमा नव्वद दिवसांनी सुरू."

"मधल्या नव्वद दिवसांत?"

"मधल्या नव्वद दिवसांत तुम्ही निरोगी."

"माझा डावा डोळा अठ्ठावीसला आहे."

त्यांनी कागद उलटला. "संकटकाळात उपचार कामाला लायक होईपर्यंत. एका डोळ्याने तुम्हाला काम लागलं. म्हणजे एक डोळा पुरला."

"मग मी रुजूच होत नाही. अठ्ठावीसनंतर होते."

"काम नाकारलं तर कार्ड आजच बंद."

"म्हणजे कामावर गेले तरी डोळा नाही, नाही गेले तरी नाही."

"असं एकदम नका बघू," त्या म्हणाल्या. बाई वाईट नाहीत. "तारीख मात्र मी तुमच्या नावावर ठेवते. अठ्ठावीसची तारीख रद्द करायला वेगळा अर्ज लागतो आणि त्या अर्जाचे कागद संपलेत."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांचा दम्याचा पंप दर महिन्याला चौदा तारखेला कार्डावर मिळतो. हे म्हणाले, "मला तसा आता फरक आहे. तेराला आपण तो आणून ठेवू, मग काय."

१३ एप्रिल

दवाखान्यात म्हणाले, चौदा म्हणजे चौदा. हे म्हणाले, "मी उद्या सकाळी लवकर जाऊन आणतो. तू रुजू व्हायच्या आधी."

१४ एप्रिल

आठला रुजू झाले. हे त्याआधीच दवाखान्याकडे निघाले होते. संध्याकाळी म्हणाले, "आणला." बरं झालं, एक काळजी मिटली.

कारखान्यात माझी खिडकी तशीच होती. काचेवर बारा आठवड्यांची धूळ. ती पुसली. पहिला लॉट आला, कोटाचं कापड, पट्टी लांबलचक. नमुना पेटीतून काढला. दोन्ही निळे.

"काय म्हणता बाई?" रंगमास्तर म्हणाले. ते माझ्या आधीपासून कारखान्यात आहेत. नखं सगळी निळी.

मी म्हटलं, "मास्तर, हा निळा आहे."

त्यांनी मागे वळून दार लावलं.

"नमुन्याशी जुळतो का?"

"जुळतो. नमुनाही निळा आहे."

"मग निळा कसा? नमुन्याशी जुळला तर पांढरा."

मी त्यांना ऑपरेशनचं सांगितलं. ते स्टुलावर बसले. बराच वेळ स्वतःची नखं बघत होते.

"कुठला केला?"

"उजवा."

"डावा आहे ना अजून?"

"आहे."

ते उठून प्रथमोपचाराची पेटी घेऊन आले. तिच्यातून डोळ्यावर बांधायची काळी पट्टी काढली. "ज्या डोळ्याने सात वर्षं पास केलंत त्यानेच करा. शहराला त्या डोळ्याची सवय झालीय."

उजवा बांधला. लॉट पास केला.

१५ एप्रिल

नऊ लॉट. सगळे पास. चांगला डोळा दिवसभर अंधारात आणि खराब डोळा उजेडात. घरी आल्यावर पट्टी सोडते आणि मग स्वयंपाक करते.

१७ एप्रिल

ह्यांची तब्येत खरंच सुधारली आहे. पंपाची गरजच लागत नाही म्हणतात. मी ओढताना पाहिलंही नाही. भूगोलाचं वेड मात्र वाढलंय. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचतात. आज दुसऱ्या मजल्यावरची पाटी तीनदा वाचली. तिच्यावर एकच नाव आहे.

"इतकं काय आहे त्यात?" मी वरून विचारलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "अक्षर, छान, आहे."

१९ एप्रिल

आज विमा खात्याचा तपासनीस आला होता. ज्यांच्यावर सरकारी उपचार झाले ते कामावर आहेत का, हे तो बघतो. तरुण आहे, चामड्याची बॅग छातीशी धरतो. कोट आमच्याच कापडाचा.

त्याने माझा कागद काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"खात्याने उजव्या डोळ्यावर उपचार केलाय. तो कुठे आहे?"

"पट्टीखाली."

"म्हणजे कामावर नाही."

"कामावर मी आहे ना."

"तुमच्याबद्दल तक्रार नाही, मावशी. मला डोळा बघायचाय. मग काम कोण करतंय?"

"डावा."

"डाव्याचा कागद माझ्याकडे नाही," तो म्हणाला. मग रंगमास्तरांना म्हणाला, "उपचार झालेला डोळा घरी बसलाय आणि न झालेला राबतोय. हे मी वर काय लिहू?"

"लिहा, डोळ्याला डोळा मदत करतो," मास्तर म्हणाले.

त्याने ते खरोखर लिहून घेतलं. मग खोडलं.

२१ एप्रिल

डावा दुखतो. भुवईच्या आत, जाड सुईसारखं. लॉटच्या कडा दिसेनाशा झाल्या आहेत. मास्तर हळूच सांगतात, "हा आता आलाय, हा नमुना इथे," आणि मी म्हणते पास.

मी आता नक्की काय पास करते आहे, ते मला माहीत नाही. एकवीस वर्षांत असं कधी लिहावं लागलं नव्हतं.

२२ एप्रिल

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, तपासनिसाचं पत्र आलंय. तुमच्या डोळ्यांचं सगळं कळलं. मी अजिबात रागावलेलो नाही." त्यांनी एक छापील फॉर्म पुढे सरकवला. "उलट तुमचा मान वाढतोय."

फॉर्म असा: कारखान्याचा पांढरा नंबर एक ज्या डोळ्याने ठरतो तो, म्हणजे सदर बाईंचा डावा डोळा, हा कारखान्याचा प्रमाण नमुना समजण्यात यावा. सदर डोळ्यात कारखान्याच्या लेखी परवानगीवाचून कोणताही बदल करू नये. त्या बदल्यात बाईंना आणि त्यांच्या पतींना कारखान्याचा विमा आजपासून लागू, नव्वद दिवस न थांबता. डावा डोळा वगळून.

"साहेब, डॉक्टर म्हणतात हा डोळा जाईल."

"कधी?"

"अठ्ठावीसनंतर कधीही."

साहेब कॅलेंडरकडे बघत राहिले. "आरोग्य खात्याची ऑर्डर तीसला पूर्ण होते," ते म्हणाले. "जमेल."

मी विचार करायला एक दिवस मागितला. ते म्हणाले, "एका डोळ्याचा तर प्रश्न आहे." हे त्यांनी धीर द्यायला म्हटलं असावं.

घरी ह्यांना फॉर्म दाखवला. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, खालचं बारीकसुद्धा.

"सही करायची नाही."

"तुमचा पंप यात आजपासून बसतो."

"अगं, मी काय तुझ्या डोळ्यावर श्वास घेऊ?"

"रागवायला काय झालं? तुम्ही तर बरे आहात."

हे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, दोन्ही हात चौकटीवर टेकवून, खांदे वर. समोरच्या इमारतीवर काहीतरी वाचत असावेत. तिथे पाटी नाही.

२३ एप्रिल

सही केली नाही. साहेब म्हणाले, उद्यापर्यंत. मी म्हटलं, बरं.

सही करावीशी वाटते, हेही लिहून ठेवते. डोळा गेला तरी दुसरा आहे. तो खूप चांगला आहे. आज बसमधून पलीकडच्या फुटपाथवरच्या बाईची बांगडी दिसली. एवढं चांगलं दिसणाऱ्या बाईने आणखी मागावं का?

२४ एप्रिल

आरोग्य खात्याचा मोठा लॉट आला. चाळीस गठ्ठे. साहेब स्वतः उभे होते, तपासनीसही होता. खात्याचा माल म्हणून. मास्तरांना माझ्याशेजारी उभं राहता येईना.

पट्टी हातात घेतली. डाव्याला ती दिसलीच नाही. कापड हाताला लागत होतं, समोर नुसतं धुकं. नमुना शोधायला हात फिरवला तर तपासनिसाची बॅग हाताला लागली.

"बाई?" साहेब म्हणाले.

न बघता पास म्हणता आलं असतं. चार दिवस तेच करत होते. पण आज डोळ्यातली सुई मानेपर्यंत आली होती आणि मला एकदम कंटाळा आला. काळी पट्टी सोडली. खोली इतकी लख्ख झाली की मास्तरांच्या कानातले केस दिसले.

"नापास," मी म्हटलं. "हा निळा आहे. नमुना निळा आहे. साहेब, तुमचा सदरा निळा आहे. ह्याचा कोट निळा आहे."

मग तपासनीस आपल्या बाहीकडे बघत म्हणाला, "मावशी, मी हा कोट पांढरा म्हणून घेतलाय. पावती आहे."

"मास्तर, अगदी पहिला नमुना कपाटात आहे ना? कारखाना सुरू झाला तेव्हाचा, बाटलीत बंद केलेला? तो आणा."

मास्तर गेले. फार हळू गेले. बाटली आणली, लाखेचं झाकण फोडलं, कापड काढून गठ्ठ्यावर ठेवलं. ते पांढरं होतं. इतकं पांढरं की मला रडू येईल असं वाटलं.

साहेबांनी वाकून पाहिलं. "अरेरे," ते म्हणाले. "हा पार पिवळा पडलाय."

"पिवळाच," तपासनीस म्हणाला.

मी मास्तरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जुना माल आहे. टिकणार कसा?" आणि नखं बघायला लागले. पोरीचं लग्न झालेलं नाही त्यांच्या, आणि त्यांनाही विमा नव्वद दिवसांनीच लागणार आहे.

तिथेच गठ्ठ्यावर कागद ठेवून निकाल लिहिला गेला. तिघे एका बाजूला, मी एका बाजूला. सदर बाईंना पांढरा रंग निळा दिसतो. दोष उजव्या डोळ्यात. वैद्यकीय कारणाने कामास अपात्र.

लॉट मास्तरांनी पास केला.

२५ एप्रिल

चार नंबरची खिडकी. बाईंनी निकाल वाचला.

"स्वतः सोडलं नाहीत. काढूनही टाकलेलं नाही. आजारपणाने अपात्र," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला. "अहो, हे फार चांगलं झालं! कार्ड आजपासून परत सुरू."

"आणि डोळा?"

"अठ्ठावीसची तारीख आहेच तुमच्या नावावर. फक्त डोळा कागदाप्रमाणे होईल. दोष उजव्यात, म्हणजे उजवा."

"उजवा झालाय. तो चांगला आहे. त्यानेच तर दिसतं."

"तीन जणांच्या सह्या आहेत, त्यात खात्याच्या तपासनिसाची. ती सही मला नाही खोडता येत." त्यांनी कागदावर दगड ठेवला. मग पुढे झुकून म्हणाल्या, "तुम्ही तारखेला जा तरी. इथे बसून मला फक्त कागद दिसतो. तिथे त्यांना तुम्ही दिसाल."

२६ एप्रिल

कार्ड सुरू झालं म्हणून परस्पर दवाखान्यातून ह्यांचा पंप आणायला गेले. औषधं देणाऱ्याने वही पाहिली.

"या महिन्याचा नेलेलाच नाही तुम्ही. चौदाला काका आले होते, सव्वाआठला. तोवर तुमचं कार्ड बंद झालं होतं. मी म्हटलं, पंधरा मिनिटं आधी यायचं. तर म्हणाले, सातलाच निघालो होतो, रस्त्यात पाट्या वाचत बसलो."

पंप घेऊन घरी आले. टेबलावर ठेवला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. दोन वेळा ओढला. संध्याकाळी खाली जाऊन आलो. येताना जिन्यात हे कुठेही थांबले नाहीत.

२७ एप्रिल

दिवसभर काही नाही. डावा खूप दुखला. हे शेजारी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. साथ ओसरते आहे, असं छापलंय.

२८ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, माझा उजवा पाहिला, डावा पाहिला, पुन्हा कागद वाचला.

"उजव्यात काहीही दोष नाही. हे कोणी लिहिलं?"

"साहेब, मास्तर आणि तपासनीस."

"यातला डोळ्यांचा डॉक्टर कोण?"

"कोणीच नाही. पण तिघांच्या सह्या आहेत."

त्यांनी नर्सला मशीन हलवायला सांगितलं. नर्स म्हणाली, "नाही हलवता येणार. कागदाप्रमाणे सकाळीच टेबलाच्या उजव्या बाजूला लावलंय. आता हलवलं तर नोंद करावी लागेल, का हलवलं ते."

तिघीही टेबलाभोवती उभ्या राहिलो. एका अंगाला उशी, एका अंगाला पाय ठेवायची जागा, बाजूला मशीन.

"मशीनची नोंद लागते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशंट हलला तर लागते का?"

नर्सने विचार केला. "नाही. पेशंट हलतातच."

"बाई, पायाकडे डोकं करून झोपा."

झोपले. पाय उशीवर, डोकं पायांच्या जागी. मशीन नेमकं डाव्यावर आलं. नर्सने कागदावर उजवीकडे खूण केली आणि दार लावलं. मी छताकडे पाहत होते. डाव्याने काही नाही, उजव्याने एक पाल. मग उजव्यावर कापड आलं.

"दाब बराच आहे. अजून दोन दिवस गेले असते तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं. नंतर फक्त पाण्याचा आवाज.

संध्याकाळी उजव्या डोळ्याने हे लिहिते आहे. निघताना मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "दोन्ही डोळे झाले की कार्डाचं काय?"

"उद्या पट्टी काढून तक्ता वाचायला लावीन. सात ओळी असतात. सातवी आली की मला शेरा लिहावाच लागतो, कामास लायक. मग कार्ड संपलं. घाबरू नका, तुमची सातवी नक्की येईल."

"आणि चौथीपर्यंतच आली तर?"

"तर तीन महिने अपात्र. मग पुन्हा तपासणी." त्या हात पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या. "बाहेर बसलेत ते तुमचे मिस्टर का? छातीतून आवाज येतो त्यांच्या. इथपर्यंत ऐकू येतो."

२९ एप्रिल

सकाळी आठला पट्टी निघाली. कोट दोन्ही डोळ्यांना निळा दिसला. डॉक्टरीणबाईंनी तक्ता लावला आणि चार ओळी मी वाचल्या. पुढे धूसर आहे म्हटलं. तक्त्याच्या तळाशी, सातव्या ओळीच्याही खाली, बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि पत्ता होता. त्यांनी लिहिलं: कामास अपात्र, तीन महिने. आम्ही दोघं चालत घरी आलो.